लांडग्यांच्या कपारीतला मणी

एका राज्यात सहा महिने दिवस असे आणि सहा महिने रात्र. उत्तरेच्या अगदी टोकाला, जिथे समुद्रही गोठून जमिनीसारखा कठीण होतो, तिथे ते राज्य होते. राजाचे नाव धवलकेतू, राणीचे नाव मृणालिनी. प्रजा लोकर विणी, मासे सुकवी, आणि थंडीशी जुळवून घेऊन सुखाने राही.

त्या राजाच्या पदरी कृत्तिका नावाची एक बाई होती. बर्फावरच्या पाऊलखुणा वाचण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. सशाची मादी गाभण होती की नाही, कोल्हा भुकेला गेला की पोट भरून गेला, हे ती नुसत्या खुणेवरून सांगे. तिने लग्न केले नव्हते. धाकटी बहीण विशाखा आणि तिचा नवरा यांच्या घरी ती राही.

एके वर्षी राजाचे गुडघे थंडीने धरले. तेव्हा दक्षिणेकडून अनलभद्र नावाचा एक मांत्रिक दरबारात आला. तो म्हणाला, "महाराज, या भूमीच्या पोटात तप्तमणी आहे. तो वर आला की आपल्या राज्यात थंडी म्हणून उरणार नाही."

"कुठे आहे तो?" राजाने विचारले.

"पांढरे लांडगे ज्या कपारीत पिल्ले घालतात, तिच्या तळाशी. ती कपार दाखवील असा माणूस मला द्या."

राजाने कृत्तिकेला बोलावले. तिला ती कपार ठाऊक होती. उत्तरेकडची जमीन बारा महिने गोठलेली. तिथे बीळ उकरता येत नाही, म्हणून लांडगे खडकातली एखादी कपार धरतात आणि पिढ्यानुपिढ्या तीच वापरतात. त्या कपारीच्या तोंडाशी शेकडो वर्षांची हाडे पडलेली होती, आणि उन्हाळ्यात त्या हाडांच्या आधाराने पिवळी रानफुले उगवत. माणसाने त्या लांडग्यांना कधी छळले नव्हते, म्हणून त्यांना माणसाची भीती नव्हती. कळपाच्या थोरल्या लांडगीने एकदा कृत्तिकेचा हात हुंगून पाहिला होता, आणि तिला तिथेच बसू देऊन ती आपल्या पिल्लांकडे वळली होती.

कृत्तिकेने ती कपार दाखवली. राजाज्ञा होती, आणि त्यात काही वाईट होईल असे तिच्या मनातही आले नाही.

मांत्रिकाने दक्षिणेतून आणलेल्या वीस माणसांनी कपार खणली. हाडे उपसून बाजूला टाकली. तळाशी मणी होता, आवळ्याएवढा आणि थंडगार. मांत्रिकाने तो सोन्याच्या चिमट्याने उचलला, आणि बाहेर येताच तो निखाऱ्यासारखा लाल झाला. लांडगे दूर उभे राहून पाहत होते. ते गुरगुरले नाहीत.

नगरात परतल्यावर मांत्रिकाने सांगितले की हा मणी मी तपाने निर्माण केला. राजाने सिंहासनावर हात ठेवून तेच सांगितले. कृत्तिकेला त्याने सोन्याचे कडे दिले आणि म्हणाला, "गप्प राहा." ती गप्प राहिली.

मणी राजवाड्यात तिवईवर ठेवला गेला. त्याची ऊब भिंतींतून, रस्त्यांतून, घराघरांतून पसरली. लोकांनी गोधड्या घड्या घालून ठेवल्या. राजाचे गुडघे मोकळे झाले. सगळीकडे आनंदीआनंद झाला.

मग भर हिवाळ्यात पाऊस पडला. त्या राज्यात हिवाळ्यात कोणी पाऊस पाहिला नव्हता. तो हिमावर पडला, आणि उत्तरेकडच्या वाऱ्याने लागलीच गोठला. साऱ्या माळांवर काचेसारखा थर बसला. खालचे गवत खाली राहिले. लांब केसांचे बर्फगवे खूर आपटून आपटून रक्तबंबाळ झाले, पण त्यांना गवताची काडी मिळेना. पांढरे ससे उपाशी मेले. त्यानंतर दर हिवाळ्यात पाऊस पडू लागला.

आणि त्या वर्षापासून राज्यात एकही मूल जन्मले नाही. एक वर्ष गेले, दोन गेली. सुइणीने आपली पिशवी खुंटीला टांगून ठेवली. सुताराने पाळणे करणे सोडले. राजाराणीलाही मूल नव्हतेच. राजाने मांत्रिकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "हा लांडग्यांचा शाप आहे. शेवटचा लांडगा मरेल, त्या दिवशी पाळणे हलतील."

मग राजाचे शिकारी निघाले. त्यांनी सापळे लावले, विष घातलेले मांस पसरले. जे लांडगे उपासमारीतून वाचले, ते विषाने गेले. मणी आणल्याला सात वर्षे झाली तोवर एकच कळप उरला, आणि तो कोणाला सापडेना. तेव्हा राजाने पुन्हा कृत्तिकेला बोलावले.

"एकवीस दिवस देतो," राजा म्हणाला. "तेवढ्यात कळप मारून ये. नाही जमले, तर साऱ्या उत्तरेत विष पसरीन. मग जे मरेल ते मरेल."

कृत्तिकेने घसरगाडीवर सामान बांधले. धनुष्य, कुदळ, वाळवलेल्या मासळीची पिशवी. विशाखा दाराशी उभी होती.

"ताई, रिकाम्या हाताने परत येऊ नकोस," ती म्हणाली. "माझं वय काही थांबून राहिलेलं नाही."

"नाही येणार," कृत्तिका म्हणाली.

वसंत लागला होता. सूर्य क्षितिजावरून गोल फिरे आणि मावळत नसे. कृत्तिका सहा दिवस चालली. काचेवर पाऊल उमटत नाही, त्यामुळे तिला काहीच वाचता येईना. वाटेत मेलेले गवे दिसत. सातव्या दिवशी एका मेलेल्या गव्यावर एक डोमकावळा बसलेला दिसला.

"बाई, माग शोधतेस?" कावळ्याने विचारले.

"शोधते."

"सापडायचा नाही. माझ्यामागे ये."

"मी त्यांना मारायला आले आहे," कृत्तिका म्हणाली. खोटे बोलावे असे तिला वाटले नाही.

"मला ठाऊक आहे. थोरलीलाही ठाऊक आहे."

"मग तू मला का नेतोस?"

कावळ्याने गव्याच्या पाठीवर दोनदा चोच मारली. "हे कातडे माझ्या चोचीने फाटत नाही. ते फाडायला लांडगा लागतो. मी मांसाच्या डोंगरावर बसून उपाशी आहे, आणि जे थोडे लांडगे उरले ते विषाच्या भीतीने मेलेल्या जनावराला तोंड लावत नाहीत. त्यांचे काय होणार, ते तुझ्या हाती आहे. म्हणून नेतो."

कावळा उडाला. कृत्तिका त्याच्यामागे गेली.

एका टेकाडाच्या आडोशाला कळप होता. पाच जण उरले होते. थोरली लांडगी पुढे उभी होती. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. तिच्या मागे तिचा जोडीदार होता. सापळ्यातून सुटताना त्याचा एक पंजा तुटून राहिला होता. बाकीचे तीन त्यांचीच मोठी झालेली मुले. मऊ पांढरी लव, बारीक कान, रुंद पंजे. कृत्तिकेने धनुष्याला हात घातला.

"मार," थोरली म्हणाली. "पळण्याइतके बळ आमच्यात नाही. पण आधी सांग, तुमच्या घरी लेकरे आहेत?"

"सात वर्षांत एकही नाही."

"माझ्या पोटीही सात वर्षांत पिल्लू नाही. आम्ही शाप दिला असता, तर तो स्वतःलाच दिला असता का?"

कृत्तिकेचा हात थांबला. "मग हा शाप कोणाचा?"

"मण्याचा," थोरली म्हणाली. "पृथ्वीने आपला सारा ताप त्या मण्यात कोंडला आणि तो आमच्या स्वाधीन केला. आमच्या शंभर पिढ्या त्यावर निजल्या. आमच्या हाडांच्या गारव्याने तो निवत राहिला. तो जागेवर आहे तोवर जे जन्मायचे ते जन्मते. तो उघड्यावर आला की तापतो, आणि जिथवर त्याची ऊब पोचते तिथवर कोणाची कूस भरत नाही. आमची नाही, तुमची नाही, गव्यांची नाही."

कृत्तिका खाली बसली. मग म्हणाली, "कपार मीच दाखवली होती."

"तेही मला ठाऊक आहे."

"मी मणी परत आणते."

"तो हातात घेणाऱ्याला जाळतो. सोन्याच्या चिमट्याने तो नेता आला, पण चिमट्याने ठेवला तर निवणार नाही. उघड्या हातानेच ठेवावा लागतो. तीन कामे केलेल्या हाताला तो जाळत नाही."

"सांग."

"पहिले काम. आमच्याबरोबर तीन दिवस चाल. आम्ही खाऊ तेव्हा खा, आम्ही उपाशी तर उपाशी."

कृत्तिकेने मासळीची पिशवी घसरगाडीवर तशीच ठेवली आणि गाडी ओढत ती कळपाबरोबर निघाली. लांडगे एकामागे एक चालत, पुढच्याच्या पावलात पाऊल ठेवून. तुटक्या पंजाचा मागे पडला की सगळे थांबत. दिवसाला ते दहा-दहा कोस चालले. पहिल्या दिवशी काही मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी एक ससा दिसला. तो पळाला, आणि त्याचा पाठलाग करण्यात होते नव्हते ते बळही गेले. त्या दिवशी कृत्तिका घसरून पडली आणि तिला उठावेसे वाटेना. थोरलीची मुलगी तिच्या अंगाला अंग लावून बसली, तेव्हा ती उठली. तिसऱ्या दिवशी एक ससा मिळाला. सहा जणांत एक ससा. थोरलीने तो फाडला, पहिला घास तुटक्या पंजाच्याला दिला, मग मुलांना, मग मागची एक तंगडी कृत्तिकेपुढे ठेवली. स्वतःला तिने कातडे ठेवले.

कृत्तिकेने ते कच्चे मांस खाल्ले. खाताना ती रडत होती.

"दुसरे काम," थोरली म्हणाली. "पलीकडच्या खोऱ्यात बारा गवे उरले आहेत. ते चरतील एवढी जमीन मोकळी कर."

"तुम्हाला त्यांची शिकार करायची आहे?"

"आता नाही. बारांतून एक घेतला तर अकरा राहतील, आणि पुढच्या वर्षी आम्ही सगळेच संपू. आधी ते जगले पाहिजेत."

कृत्तिका कुदळ घेऊन खोऱ्यात उतरली. तिने थर फोडायला सुरुवात केली. एका घावात टवका निघे तो ताटाएवढा. गवे दूर गोल करून उभे राहिले, शिंगे बाहेर काढून, कारण तिच्या अंगाला लांडग्यांचा वास येत होता. तिने चार दिवस घाव घातले. तळहाताची कातडी सोलून कुदळीच्या दांड्याला चिकटली. चौथ्या दिवशी एका अंगणाएवढे गवत उघडे झाले. ती टेकाडामागे जाऊन पडून राहिली. बऱ्याच वेळाने एक म्हातारी मादी पुढे आली. तिने मान खाली घातली. मग बाकीचे आले.

"तिसरे काम सोपे आहे," थोरली म्हणाली. "जे घडले ते तुझ्या लोकांसमोर, तुझ्या राजासमोर, जसेच्या तसे सांग. मग मणी उचल."

कृत्तिकेने कुदळ घसरगाडीवर बांधली. चौदा दिवस झाले होते. एवढ्यात प्रथमच तिला भीती वाटली.

परतीला तिला सहा दिवस लागले. ती नगरात पोचली ती एकविसाव्या दिवशी. राजसभा भरलेली होती. विषाच्या मांसाच्या गाड्या वेशीत तयार उभ्या होत्या. तिची घसरगाडी रिकामी पाहून लोकांत कुजबूज झाली. गर्दीत विशाखा होती.

"कातडी कुठे आहेत?" राजाने विचारले.

"आणली नाहीत, महाराज. मला काही सांगायचे आहे."

"सांग."

"हा मणी मांत्रिकाने तपाने निर्माण केला नाही. तो लांडग्यांच्या कपारीतून चोरून आणला. ती कपार मी दाखवली. लांडग्यांनी मला आपल्या घराशी बसू दिले होते, आणि मी त्यांचे घर खणू दिले. महाराजांना हे ठाऊक होते. गप्प राहण्यासाठी मी हे कडे घेतले." तिने कडे काढून पायरीवर ठेवले. "पाळणे बंद पडले ते लांडग्यांच्या शापाने नाही. या मण्यामुळे."

मग विशाखा गर्दीतून पुढे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, तुला सात वर्षं माहीत होतं?"

"मणी कुठला ते माहीत होतं. पाळण्यांचं आत्ता कळलं."

"पण विचारावंसंही वाटलं नाही तुला? मी रोज तुझ्यासमोर रडत होते."

विशाखा वळली आणि निघून गेली.

राजाने प्रधानाकडे पाहिले, मांत्रिकाकडे पाहिले. सिंहासनावर हात ठेवून खोटे बोलणाऱ्याचे राज्य जाते, असा त्या देशाचा कायदा होता. तो म्हणाला, "ही बाई भ्रमिष्ट झाली आहे. हिला घेऊन जा."

शिपाई पुढे झाले. तेव्हा राणी मृणालिनी उठून उभी राहिली. तिने राजाचा हात धरला आणि सिंहासनाच्या हातावर ठेवला.

"महाराज," ती म्हणाली, "आता सांगा."

राजाने हात ओढून घेऊ पाहिला, पण राणीने तो सोडला नाही. शेवटी तो म्हणाला, "ती सांगते ते खरे आहे."

राणी मांत्रिकाकडे वळली. "पाळणे बंद पडतील हे तुम्हाला ठाऊक होते?"

"होते," अनलभद्र म्हणाला. "महाराजांनी थंडी जाईल का, एवढेच विचारले. थंडी गेली."

"मग लांडग्यांचे नाव का घेतलेत?"

मांत्रिक दाराकडे सरकला, तोच शिपाई आडवे झाले.

कृत्तिका तिवईपाशी गेली. मणी धगधगत होता. दहा हातांवरूनही डोळे दिपत. तिने सोललेल्या तळव्यांत तो उचलला. तो जळत्या निखाऱ्यासारखा दिसत होता, आणि हाताला ओल्या दगडासारखा लागत होता. त्याच क्षणी भिंतींतली ऊब ओसरू लागली. लोकांच्या तोंडांतून वाफ निघू लागली. एका म्हाताऱ्याने आपली शाल घट्ट लपेटली, पण "ठेव तो खाली" असे कोणी म्हणाले नाही.

तिने मणी मुठीत घेऊन पुन्हा तीच वाट धरली. थोरली कपारीशी वाट पाहत होती. कृत्तिका आत सरपटत गेली, तळाशी मणी ठेवला, बाहेर फेकलेली हाडे एकेक करून आत आणली आणि त्यावर रचली. शेवटचे हाड ठेवताच मणी काळा पडला आणि जमीन त्याच्यावर मिटली. बाहेर हिम पडू लागले, कोरडे आणि भुसभुशीत. पाठोपाठ उत्तरेकडचा वारा आला, आणि माळांवरचा काचेचा थर तडतडत फुटला. कावळा मेलेल्या गव्याकडे उडाला. विषाचे भय आता नव्हते, म्हणून पाचही लांडगे त्याच्यामागे निघाले. त्या दिवशी त्यांनी पोट भरून खाल्ले, आणि कावळ्यानेही खाल्ले.

राजाने मुकुट उतरवून राणीच्या हाती दिला. स्वतःला काय शिक्षा व्हावी हे त्याने तिलाच विचारले. राणी म्हणाली, "काच फुटली आहे, पण खोऱ्यांच्या सावलीत ती अजून जाड आहे. कुदळ घ्या आणि गव्यांसाठी ती फोडा. सोबतीला मांत्रिकाला न्या." त्या वसंतात आणि पुढच्याही वसंतात एक राजा आणि एक मांत्रिक खोऱ्यात शेजारी शेजारी घाव घालत होते. पहिला महिनाभर ते एकमेकांशी बोलले नाहीत. पुढे बोलू लागले. तिसऱ्या वर्षी बर्फ फोडण्याची गरज उरली नाही. मांत्रिक दक्षिणेकडे निघून गेला, आणि राजा दुखऱ्या गुडघ्यांनी चालत घरी आला. राणीने त्याला आत घेतले. राज्य मात्र तिनेच चालवले, आणि विषाच्या गाड्या जाळून टाकल्या. कपारीपासून तीन दिवसांच्या वाटेत कोणी सापळा लावू नये, वस्ती करू नये, खणू नये, असा कायदा तिने केला.

कृत्तिकेने बहिणीचे घर सोडले. वेशीपाशी एक झोपडी बांधून ती एकटी राहिली. मणी धरलेल्या हातांना पुन्हा ऊब अशी कधी जाणवली नाही. विस्तवाशी धरले तरी ते गारच राहात. विशाखा बाजारात भेटली की मान फिरवून पुढे जाई. कृत्तिकेने तिला कधी हाक मारली नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात कपारीतून तीन पिल्ले बाहेर आली, काळपट करड्या रंगाची, लटपटत चालणारी. त्यांच्या मोठ्या भावंडांनी त्यांना घास आणून भरवले. नगरात सुइणीने खुंटीवरची पिशवी काढली. आधी कुंभाराच्या घरी मूल झाले, मग कोष्ट्याच्या, मग एका आठवड्यात नऊ घरी.

एके दुपारी कृत्तिकेच्या झोपडीचे दार वाजले. बाहेर विशाखा उभी होती. लोकरीत गुंडाळलेली एक दीड महिन्याची मुलगी तिच्या कुशीत होती. मुलगी रडायला लागली.

"थंडी वाजते तिला," विशाखा म्हणाली. "आत येऊ का?"

"ये ना."

विशाखा आत आली आणि चुलीपाशी बसली. मग तिने मुलगी पुढे केली. कृत्तिकेने हात मागे घेतले.

"माझे हात गार आहेत, विशाखा."

"असू देत," विशाखा म्हणाली. "धर. सवय होऊ दे तिला."

कृत्तिकेने तिला घेतले. मुलगी दचकली, तिने डोळे उघडले, आणि मग रडणे थांबवून ती तिच्याकडे टकामका पाहू लागली.

असे ते राज्य पुन्हा मार्गी लागले. तिथे थंडी फार आहे, आणि लोक सुखात आहेत.